हलाखा
ज्यू धर्मीयांच्या दैनंदिन आचरणाचे नियमन करणारी विधिपरंपरा. ‘हलाखा’ ही हिब्रू संज्ञा ‘चालणे’ या अर्थाच्या धातूशी निगडित असून तिचा अर्थ ‘चालण्याची रीत’ असा करतात. संस्कृत ‘चर्’ धातूपासून सिद्ध झालेल्या ‘आचार’ या शब्दाशी तिचे अर्थदृष्ट्या निकटचे साम्य आहे. प्रार्थना, आहार, शब्बाथ (विश्रांतिवार), विवाह व घटस्फोट यांबरोबरच वजनमापे, मजुरी, कर्ज, शेजाऱ्याचे नुकसान हे विषयही हलाखाच्या कक्षेत येतात. धर्मविधी व व्यवहारविधी अशी काटेकोर विभागणी तीत नाही.

हलाखाचा मूलाधार म्हणजे तोरा, अर्थात मोझेसचे पंचग्रंथ. परंपरेनुसार तोरात ६१३ आज्ञा आहेत. तथापि त्यांचे शब्द पुष्कळदा त्रोटक आहेत. शब्बाथला काम वर्ज्य सांगितले असले, तरी ‘काम’ म्हणजे काय, याची व्याख्या तेथे दिलेली नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरात तीनदा येते. तीवरून मांस व दुग्धपदार्थ एकत्र न खाण्याचा आणि दोहोंची भांडी वेगळी ठेवण्याचा आचार विकसित झाला. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरूसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्यावर यज्ञबली थांबले आणि घर, भोजन व अध्ययन यांना धर्मजीवनात अधिक महत्त्व आले. रब्बी यहूदा हानासी यांनी इ. स. सु. २०० मध्ये संकलित केलेल्या मिश्नात पेरणे, दळणे, विणणे, लिहिणे, अग्नी पेटविणे इ. ३९ प्रकारची कामे शब्बाथला निषिद्ध ठरविली आहेत. मिश्नावरील चर्चा तालमुद या ग्रंथात आहे. बहुमताविरुद्धची मतेही त्यात जतन केलेली आढळतात.

तालमुदाच्या विस्तीर्ण चर्चेतून सामान्य माणसाला निर्णय शोधणे अवघड होते. म्हणून मायमॉनिडीझने बाराव्या शतकात मिश्ने तोरा ही चौदा भागांची संहिता रचली. तिच्यात आधारग्रंथांचे निर्देश नसल्याबद्दल तत्कालीन पंडितांनी टीका केली. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाली व भिन्न चालीरीतींचे निर्वासित एकाच गावी येऊन राहू लागले. अशा निर्वासितांपैकीच एक, सफेद येथील योसेफ कारो यांची शुल्हान आरूख (‘मांडलेले मेज’) ही संहिता १५६५ मध्ये व्हेनिस येथे छापली गेली. तिच्यात मध्य व पूर्व यूरोपातील ज्यूंच्या रूढींना पुरेसे स्थान नव्हते. ही उणीव क्रेको येथील मोझेस इसेर्लेस यांनी हामप्पा (‘मेजावरील वस्त्र’) या टिपणांनी भरून काढली. तेव्हापासून दोन्ही एकत्र छापण्याचा प्रघात पडला.

संहितेत न आलेल्या प्रसंगी लोक विद्वान रब्बींना लेखी प्रश्न विचारीत. या प्रश्नोत्तरांचे विपुल वाङ्मय उपलब्ध आहे. विजेचा दिवा लावणे म्हणजे अग्नी पेटविणे काय, हा प्रश्न आधुनिक काळात असाच चर्चिला गेला. सनातनी ज्यू शब्बाथला विजेचे बटण दाबत नाहीत. मात्र आदल्या दिवशी लावून ठेवलेल्या स्वयंचलित घड्याळाचा उपयोग करतात. प्राणरक्षणासाठी मात्र शब्बाथचे नियम मोडणे हे कर्तव्यच मानले आहे. पती बेपत्ता झालेल्या स्त्रीला पुनर्विवाह करता यावा, म्हणून त्याच्या मृत्यूबाबत एकाच साक्षीदाराची साक्ष ग्राह्य धरण्याची सवलत मिश्नाच्या काळापासून आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत उदयास आलेल्या सुधारणावादी पंथाने हलाखाचे बंधनकारकत्व नाकारले. सनातनी पंथीयांनी ते कायम राखले.

हलाखाच्या निर्णयाचा प्रत्यक्ष जीवनावर किती खोल परिणाम होतो, हे कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या उदाहरणावरून दिसते. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाई. शब्बाथ, सुंता व काही आहारनियम तो पाळीत असे. परंतु तालमुदाची परंपरा त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती. इस्राएलमध्ये १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे विवाह व घटस्फोट धर्मन्यायालयांच्या अधिकारात आले. घटस्फोटाचे आणि निपुत्रिक विधवेच्या पुनर्विवाहाचे हलाखाप्रणीत विधी या समाजात पूर्वी पाळले गेले होते की नाहीत, अशी शंका काही रब्बींनी उपस्थित केली. विधियुक्त घटस्फोटावाचून पुनर्विवाह केलेल्या स्त्रीच्या संततीला अन्य ज्यूंशी विवाह निषिद्ध असल्याने हा आक्षेप गंभीर होता. मुख्य रब्बी मंडळाने १९६१ मध्ये बेने इस्राएलांशी विवाहास अनुमती दिली. पण १९६२ च्या निर्देशांनुसार त्यांच्या पूर्वजांची चौकशी आवश्यक ठरली. याविरुद्ध या समाजाने जेरूसलेममध्ये तीव्र आंदोलन केले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे घोषित केले व त्यानंतर रब्बी मंडळाने निर्देशांतून त्यांचा नामोल्लेख वगळला. शंकास्पद प्रकरणी चौकशीचा सर्वसाधारण नियम मात्र कायम राहिला. ग्रंथातील नियम एकच असला, तरी तो कोणाला, कोणत्या परिस्थितीत व कोणाच्या अधिकाराने लावावयाचा, हा हलाखाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न राहिला आहे.