जोडाच्या तारा

मिरजेहून देपालपूरला तानपुरा आणायचा, तर 1971 पर्यंत तो तीन गाड्या बदलून यायचा. मिरज ते पुणे मीटरगेज, पुढे खांडव्यापर्यंत ब्रॉडगेज, खांडव्याहून इंदूरला पुन्हा मीटरगेज. इंदूरहून उरलेली 40 किलोमीटर मोटारीत, कुणाच्या तरी मांडीवर. खांडवा-इंदूर लाइन होळकरांची. दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रजांना 1 कोटी रुपयांचं कर्ज देऊन ती बांधवून घेतली होती. ती काढली कापसासाठी आणि अफूसाठी, पण आमच्या घरात सूर आला तोही तिच्यावरूनच. आजोबांनी आणलेल्या तानपुऱ्याचा भोपळा गोधडीत गुंडाळलेला होता आणि खुंट्या वेगळ्या पिशवीत होत्या, असं आजी सांगायची.

देपालपूर हे होळकरांच्या राज्यातलं परगण्याचं गाव. कचेरी, शाळा, वकिली यांच्या निमित्ताने मराठी घरं इथे आली आणि राहिली. इंदूरच्या दरबारात एकोणिसाव्या शतकात बीनकार बंदे अली खाँ होते, पखवाजाचे नाना पानसे होते. त्या दरबाराचं गाणं आमच्या गावापर्यंत थेट कधी आलं नाही. आली ती गाण्याची आवड, आणि तिच्याबरोबर कोपऱ्यात गवसणी घालून उभा केलेला एक तानपुरा. गणपतीत तो निघायचा, मुलींच्या गाण्याच्या शिकवणीला निघायचा. मी पुढे याच गावात गाणं शिकवायला लागले तेव्हा तोच माझ्या वाट्याला आला. म्हणून आजचे पालक मला विचारतात की मुलीला खरा तानपुरा घ्यायचा की इलेक्ट्रॉनिक डबी पुरे, तेव्हा मला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. या वाद्यामागे दीडशे वर्षांची कारागिरी आहे. ती ठाऊक नसेल तर डबीने काय दिलं आणि काय काढून घेतलं हे कळणार नाही.

मिरजेत हा धंदा शिकलगारांनी उभा केला. तलवारी आणि भाल्यांना धार लावणारी ही माणसं. संस्थानांचं लढणं थांबलं तशी त्यांची कामं आटली. त्यातल्या फरीदसाहेबांचं नाव या धंद्याच्या मुळाशी घेतलं जातं. मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने शस्त्रांवर फिरणारे हात भोपळ्यावर आणि लाकडावर फिरू लागले, आणि पुढच्या पिढ्या सतारमेकर या आडनावाने ओळखल्या जाऊ लागल्या. भोपळा येतो भीमेच्या काठच्या मंगळवेढा-पंढरपूर भागातून. हा भोपळा खायचा नाही. तो कडू, जाड सालीचा असतो आणि वेलावर पूर्ण पिकवून नंतर वाळवला जातो. दांडी आणि तबली तून लाकडाची. मिरजेला अब्दुल करीम खाँ राहायला आले, त्यांनी कारागिरांकडे बसून वाद्यं दुरुस्त केली, सूर कसा हवा ते सांगितलं. गाणारा आणि बनवणारा एकाच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे मिरजेचा तानपुरा तसा घडला, असं मला वाटतं.

पण तानपुऱ्याचं सगळं मर्म आहे ते, तबलीवर ज्या घोडीवरून तारा जातात तिच्या वरच्या पृष्ठभागात. ती सपाट दिसते, पण तारेच्या दिशेने तिला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर टेकते आणि कंप पावताना त्याला पुन्हापुन्हा स्पर्श करते. हा उतार कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून साधणं म्हणजे जवारी काढणं. मग तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात. दोरा केसभर पुढेमागे झाला की बंद आवाज अचानक उघडतो.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांना या घोडीचं कोडं पडलं होतं. कलकत्त्यात इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये काम करत असताना त्यांनी 1921 मध्ये वीणा आणि तानपुऱ्यावर निबंध छापला. नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या उपस्वरांची कंपनं शून्य असायला हवीत, ते उपस्वर ऐकू येऊ नयेत. तार मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा उपस्वर गायब व्हायला हवा. तानपुऱ्यात तसं होत नाही, सगळे जोरात वाजतात. त्याचं कारण रामन यांनी घोडीच्या त्या उतारात शोधलं. नोबेल मिळण्याच्या 9 वर्षं आधीची ही गोष्ट आहे. मी मुलांना ती सांगते, कारण कानशीच्या चार फिरवण्यांत एवढं विज्ञान आहे हे त्यांना कळायला हवं.

त्या उपस्वरांमधूनच गंधार येतो. खर्जाची तार नीट लागली की तिच्या पाचव्या उपस्वरात शुद्ध गंधार आपोआप बोलतो. त्याचं षड्जाशी प्रमाण 5:4. पेटीवरचा गंधार त्याच्यापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो, सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. हा फरक सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी मापायला घेतला, अब्दुल करीम खाँनी गाऊन दाखवला आणि सिव्हिल सर्व्हिसमधल्या क्लेमेंट्स साहेबांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवून घेण्यापर्यंत नेला. देवलांचं पुस्तक 1910 चं आहे. पेटीच्या सुरावर पुढे इतका राग धरला गेला की आकाशवाणीने 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत टिकली.

या बंदीचा आमच्या भागावर झालेला परिणाम कुणी फारसा लिहून ठेवलेला नाही. इंदूरचं केंद्र मालवा हाउसमध्ये 22 मे 1955 ला सुरू झालं. रेडिओवर गायचं असेल तर पेटी चालणार नव्हती, तानपुऱ्यावरच गावं लागणार होतं. पेटीच्या आधाराने भजनं म्हणणाऱ्या लहान गावातल्या मुलींना एकाएकी चार तारांत सूर शोधायची पाळी आली. माझी आत्या ऑडिशनची तयारी करत होती तेव्हा रोज पहाटे आधी तानपुरा लावायचा, मगच चहा, असा आजोबांचा नियम होता. पंचमाची तार, मग जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या, दोन, मग खर्ज. खुंटीने जवळ आणायचं आणि तारेत ओवलेल्या मण्याने नेमकं करायचं. मणी एवढासा सरकला की दोन जोड एक होतात आणि त्या क्षणी वाद्याचा आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. तिकडे देवासला, क्षयातून उठलेले कुमार गंधर्व 1950 च्या दशकात पुन्हा गाऊ लागले होते. तानपुऱ्याच्या सुराबद्दलचा त्यांचा काटेकोरपणा माळव्यातल्या प्रत्येक गाणाऱ्याच्या घरी कौतुकाने बोलला जायचा.

मग 1979 मध्ये बेंगळुरूचे जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला. ते इंजिनियर, शिवाय बासरी वाजवणारे. प्रवासात वाद्य नेता येत नाही आणि तार छेडायला माणूस मिळत नाही, या दोन खऱ्या अडचणींवर त्यांनी उपाय काढला. पहिल्या डब्यांचा सूर इलेक्ट्रॉनिक मंडलातून निर्माण केलेला होता. नंतरच्या डब्यांमध्ये खऱ्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग साठवलेलं असतं, आणि आता ते फोनवरच्या ॲपमध्येही आलं. पट्टी बदलायला बटण, पंचमाऐवजी मध्यम किंवा निषाद लावायलाही बटण.

खरं वाद्य की इलेक्ट्रॉनिक, हाच प्रश्न पियानो शिकणाऱ्यांपुढेही उभा आहे. डिजिटल पियानोला ट्यूनर लागत नाही, रात्री हेडफोन लावून वाजवता येतो, पट्ट्यांना वजनही दिलेलं असतं. खऱ्या पियानोत दोनशेवर तारा असतात आणि पेडल दाबलं की न वाजवलेल्या ताराही वाजवलेल्या तारांना साथ देत गुंजतात. डिजिटलमध्ये त्या गुंजण्याची नक्कल करावी लागते. पण पियानो वाजवणारा आपला पियानो स्वतः लावत नाही, त्यासाठी वेगळा माणूस येतो. तानपुरा लावणारा गाणाराच असतो. म्हणून डबीमुळे आपलं जे जातं ते पियानोवाल्यांपेक्षा जास्त आहे.

डबीची बाजू मला मनापासून मांडायची आहे. पहिली दोन-तीन वर्षं ती मुलाच्या हिताची आहे. कच्च्या कानाने लावलेला बेसूर तानपुरा समोर ठेवून तासभर गाणं म्हणजे कान बिघडवणं. डबीचा षड्ज उन्हाळ्यातही उतरत नाही. शेतकऱ्याच्या घरात ती परवडते, आणि ज्या घरात तानपुरा छेडत बसायला दुसरं माणूस नाही तिथे तिच्यामुळेच रियाज होतो. माझे निम्मे विद्यार्थी डबीशिवाय गाण्यापर्यंत पोहोचलेच नसते.

तरीही सूर शोधायचा असतो, ही गोष्ट डबी शिकवू शकत नाही. तिच्यात षड्ज तयार मिळतो. प्रत्येक आवर्तनात तोच आवाज, त्याच उपस्वरांचं तेच प्रमाण. खरा तानपुरा छेडण्याच्या बोटाप्रमाणे बदलतो, हवेने बदलतो. भोपळा मांडीला लागलेला असतो, त्यामुळे सूर कानात येण्याआधी अंगात येतो. डबीवर वाढलेली मुलं स्वरात गातात, पण जोड जुळला की नाही हे त्यांना सांगता येत नाही, कारण तो निर्णय त्यांनी कधी घेतलेलाच नसतो. संगीताच्या परीक्षा देणाऱ्या मुलांमध्ये हे मला सतत दिसतं. ज्याला गाणं पुढे न्यायचं आहे त्याने चौथ्या वर्षापासून रोज तानपुरा लावायलाच हवा, मग रियाज डबीवर केला तरी चालेल.

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच सुमाराला माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी, ते बनेडियाच्या बाजूला सोयाबीन करतात, तिच्यासाठी तानपुरा घ्यायचं ठरवलं. मी त्यांना सांगितलं: फोटो पाहून घेऊ नका, मुलीला घेऊन मिरजेला जा. तिची पट्टी काळी चार आहे हे कारागिराला सांगा. भोपळा गोल आणि जाड आहे ना ते बघा, तबलीला चीर नको. तारा लावून अर्धा तास तिथेच बसा, आणि जवारी तिच्यासमोर काढून घ्या. त्यांनी विचारलं की दीड-दोन वर्षांनी घोडी झिजली तर इथे जवारी कोण काढणार. प्रश्न योग्य होता, देपालपुरात ते काम करणारं कुणी नाही. आता रविवारी मी तिला जुन्या घोडीवर कानस चालवायला शिकवते.