दुचाकीवरील शिरस्त्राण

शिरस्त्राण (बोलीभाषेत हेल्मेट) हे दुचाकीस्वाराच्या डोक्याचे आघातापासून रक्षण करणारे साधन होय. 'शिरस्' म्हणजे मस्तक आणि 'त्राण' म्हणजे रक्षण, अशी या शब्दाची फोड आहे. युद्धातील शिरस्त्राण शस्त्राचा घाव अडवीत असे. दुचाकीस्वाराच्या शिरस्त्राणाचे मुख्य कार्य धक्का शोषून घेण्याचे असते.

== रचना व कार्य ==
अपघातात डोके रस्त्यावर आदळताच कवटी थांबते, परंतु आतील मेंदू गतीमुळे पुढे जाऊन कवटीवर आपटतो. त्यामुळे बाहेर जखम दिसत नसतानाही आत रक्तस्राव होऊ शकतो. शिरस्त्राणाचे कठीण कवच आघात मोठ्या पृष्ठभागावर पसरविते, तर आतील थर्माकोलसारखा थर दबून चेपतो व डोके थांबण्यास क्षणाचा काही अंश अधिक मिळवून देतो. चेपलेला हा थर पूर्ववत होत नाही; म्हणून एकदा जोराचा आघात झालेले शिरस्त्राण वरून धडधाकट दिसले तरी बदलावे लागते. हनुवटीखालील पट्टा बांधलेला नसेल, तर डोके आदळण्यापूर्वीच शिरस्त्राण निसटून जाते.

== इतिहास ==
लेखक व सैनिक टी. ई. लॉरेन्स यांचा १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकल अपघातात मृत्यू झाला. त्यांच्यावरील उपचारांत सहभागी असलेले मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला व १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९६१ मध्ये शिरस्त्राणाची सक्ती केली.

== कायदा ==
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार चालक व मागे बसणारा या दोघांनाही शिरस्त्राण बंधनकारक आहे. पगडी परिधान केलेल्या शीख व्यक्तींना यातून सूट आहे. १ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन, म्हणजे आयएसआय चिन्ह, नसलेले दुचाकी शिरस्त्राण विकता येत नाही. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकासाठी शिरस्त्राण व चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा आवश्यक असून, वाहनाचा वेग ताशी ४० किमीपेक्षा अधिक नसावा, असा नियम २०२२ मध्ये अधिसूचित झाला.

महाराष्ट्रात ही सक्ती वारंवार वादाचा विषय ठरली. शिरस्त्राण नसल्यास पेट्रोल न देण्याची २०१६ मधील घोषणा विरोधामुळे मागे घ्यावी लागली. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून सुरू झालेल्या कारवाईविरुद्ध आंदोलने झाली. मान दुखते, ऐकू येत नाही, शहरातील वेग कमीच असतो, हे आक्षेप तेथे पुन्हा पुन्हा मांडले गेले. यातील शेवटचा आक्षेप सर्वांत फसवा आहे, कारण केवळ उभ्या उंचीवरून डोके दगडी कठड्यावर आदळले तरी ते प्राणघातक ठरू शकते.

मागे बसणाऱ्याबाबत मात्र वादही फारसा होत नाही. नियम नाहीच, असे गृहीत धरले जाते. मुंबई वाहतूक पोलिसांना मे २०२२ मध्ये त्यासाठी वेगळी सूचना काढावी लागली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात शिरस्त्राण न घातलेल्या ५०,०२९ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते.

== नवी मुंबई ==
नवी मुंबईत दुचाकीचे बरेच प्रवास घर ते रेल्वे स्थानक असे छोटे असतात. 'येथेच तर जायचे आहे' म्हणून शिरस्त्राण आरशाला किंवा कोपराला अडकविलेले दिसते. परंतु या शहरातील अंतर्गत रस्ते लवकरच वेगवान मार्गांना मिळतात: वाशी ते बेलापूर असा पाम बीच मार्ग, शीव-पनवेल महामार्ग आणि औद्योगिक पट्ट्याला लागून जाणारा ठाणे-बेलापूर रस्ता. उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरामुळे कंटेनरवाहू ट्रेलरही परिसरात मोठ्या संख्येने असतात. दमट हवेत शिरस्त्राण नकोसे होते, ही अडचण खरीच. वायुवीजनाची छिद्रे व धुता येणारे अस्तर असलेले शिरस्त्राण त्यामानाने सुसह्य ठरते.

== सायकल व इतर साधने ==
सायकल हे मोटार वाहन नसल्याने कलम १२९ तिला लागू होत नाही. २५० वॉटपर्यंतच्या व ताशी २५ किमीपेक्षा कमी वेगाच्या, निकषांत बसणाऱ्या विजेवरील दुचाकीही मोटार वाहनाच्या व्याख्येबाहेर राहतात, मात्र त्या त्याच रस्त्यांवरून धावतात. सायकलचे शिरस्त्राण हलके असते; मोटारसायकलसाठी ते पुरेसे नाही.

पडताना माणूस स्वाभाविकपणे हात पुढे करतो, म्हणून हातमोजे उपयुक्त ठरतात. घोटा झाकणारे बूट व जाड जाकीट त्वचा सोलवटण्यापासून वाचवितात. साडी वा ओढणी चाकात अडकू नये यासाठी मोटारसायकलच्या मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार आवश्यक आहे. 'साडी गार्ड' या नावाने ते ओळखले जाते.