रमा, मस्तानी आणि तारापूरचा किल्ला

ऐतिहासिक कादंबरीला नाकं मुरडणारी मंडळी मला आयुष्यात दोन प्रकारची भेटली. एक इतिहासवाली. त्यांचं म्हणणं, पेशवा आपल्या बायकोशी काय बोलला हे लेखकाला कोणी सांगितलं? दाराआड उभा होता का तो? दुसरी साहित्यवाली. त्यांना भाषा फार भरजरी वाटते, अश्रू फार वाटतात आणि नायक जरा जास्तच देखणा वाटतो. मी मराठी घेऊन बीए झाले आणि चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास दोन्ही शिकवले, त्यामुळे स्टाफरूममध्ये मला दोन्हीकडचा मार बसायचा. दोघांचंही म्हणणं खोटं नाही. तरी रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली ती अजून छापली जाते आहे आणि अजून लोक ती वाचून रडतात. का रडतात, हे मला आज लिहायचं आहे.

आमच्या तारापूरचीच गोष्ट घ्या. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: बोईसर हे रेल्वेचं स्टेशन, तिथून समुद्राच्या दिशेला गेलं की तारापूर. अणुऊर्जा केंद्र म्हटलं की लोकांना पटकन कळतं. १९६९ पासून तिथे वीज तयार होते.) त्याच्या दोनशे तीस वर्षं आधी, जानेवारी १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी तारापूरचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला. माहीमही त्याच महिन्यात पडलं आणि मे महिन्यात वसई. पाठ्यपुस्तकात हे चार ओळींत आटपतं, त्यातही मान वसईला. मी वर्गात मोर्चे, सुरुंग, तट असं सगळं सांगायची. ज्या किल्ल्यावरून ही मुलं रोज शाळेत येत त्याच किल्ल्याची ही हकिकत, आणि मागच्या बाकावर जांभया!

मग मी त्यांना बाजी भिवराव रेठरेकरांबद्दल सांगायची. तारापूरच्या लढाईत गोळी लागून ते पडले. बाजीराव पेशव्यांच्या अगदी जवळचे. बाजीरावांनी त्यांच्या आईला सांत्वनाचं पत्र लिहिलं. तुमचा मुलगा गेला तसा माझा भाऊ गेला, अशा अर्थाचं. एवढा मोठा पेशवा, दिल्लीला धडक मारून आलेला, आणि एका म्हाताऱ्या आईपुढे त्याला शब्द सापडत नाहीत. हे सांगितलं की वर्ग चिडीचूप. एखादी मुलगी विचारायची, "बाई, ते वाचून ती आई काय म्हणाली?"

झालं! इथे कादंबरी सुरू होते बघा. पत्र खरं आहे, दप्तरातलं आहे. आई काय म्हणाली ते दप्तरात नाही. आपल्या दप्तरांत मोहिमा आहेत, फौजा आहेत, कर्ज किती झालं याचे आकडे आहेत. घरातल्या बायका लग्न, बाळंतपण आणि मृत्यू या तीन वेळा डोकावतात आणि लगेच आत जातात. त्या आत गेल्यावर काय झालं, हे ज्याला जाणून घ्यावंसं वाटलं त्याने कादंबरी लिहिली. रा. भि. गुंजीकरांनी १८७१ साली 'मोचनगड' लिहिली तेव्हापासून हे चालू आहे. पुढे हरिभाऊ आले, नाथमाधव आले. पण त्या कादंबऱ्यांत रहस्य, भुयारं, वेषांतरं यांचा थाट जास्त. नवरा-बायकोंचं बोलणं ऐकू यायला लागलं ते 'स्वामी'पासून, निदान माझ्या पिढीला तरी.

मी १९७३ साली लग्न होऊन सासरी आले. घरात बारा माणसं. ओटीवर सासरे, माजघरात सासूबाई आणि आजेसासूबाई, स्वयंपाकघरात आम्ही जावा. (गावाजवळ अणुवीज आणि आमच्या माजघरात चाळीसचा बल्ब, अशी परिस्थिती!) दिवसा नवऱ्याशी बोलायचं म्हणजे "जेवायला वाढलंय" एवढंच, तेही भिंतीकडे बघून. नावाने हाक मारायचा प्रश्नच नव्हता. काही विचारायचं तर लहान दिराला मध्ये घालायचं. कोणी वाईट नव्हतं हो, रीतच तशी होती.

त्या दिवसांत मी 'स्वामी' दुसऱ्यांदा वाचली. कॉलेजात पहिल्यांदा वाचली होती तेव्हा मला माधवरावांचा राग, राघोबादादांची भांडणं, निजाम, हैदर हे आवडलं होतं. सासरी वाचताना वेगळंच दिसायला लागलं. पेशव्याला आपल्या बायकोला भेटायचं आहे, पण मध्ये वाडा आहे! मातोश्री आहेत, काका आहेत, कारभारी ताटकळले आहेत, कोणीतरी दासी निरोप घेऊन उभी आहे. सोळाव्या वर्षी ज्याच्या डोक्यावर पानिपतानंतरचं राज्य पडलं त्या माणसालाही बायकोशी दोन शब्द बोलायला आडोसा शोधावा लागतो. मला इतकं हसू आलं आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पेशव्यांचंही आमच्यासारखंच की.

लोक समजतात या कादंबऱ्यांत बायकांना शालू, दागिने, हत्ती-घोडे आवडतात. थोडं असेलही. पण मी पुढे पालघरला राहायला आल्यावर बोईसरपर्यंत रोज गाडीने जात असे. तेव्हा डहाणू लोकल नव्हती, ती २०१३ मध्ये सुरू झाली. शटल चुकली की पंचाईत. लेडीज डब्यात आमचं एक पुस्तक फिरायचं, ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेलं. कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या, बँकेतल्या, नर्स, शिक्षिका, सगळ्यांच्या हातून जायचं ते. शालूबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं मला आठवत नाही. एकदा एक नर्स पुस्तक परत देताना म्हणाली, "अहो, हा माणूस एवढा कामात, एवढा आजारी, तरी हिला विचारतो हो, तुला काय वाटतं म्हणून." सगळा डबा हसला. मग कोणी काही बोललं नाही उमरोळी येईपर्यंत.

तुला काय वाटतं? आमच्या काळच्या कितीतरी संसारांत हे तीन शब्द चाळीस-चाळीस वर्षांत आले नाहीत. ते ऐकायला बायका अठराव्या शतकात जात होत्या. माझ्यापुरतं सांगते. मी पुस्तक उशाशी ठेवत असे. आमच्या यांनी ते वाचलं की नाही हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण वाडीचा एक तुकडा विकायची वेळ आली तेव्हा रात्री दिवा मालवल्यावर त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, विकू नका. नाही विकला.

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त छळते.

१९८७ साली दूरदर्शनवर 'स्वामी' मालिका लागली. गजानन जागीरदारांची. रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव रमाबाई, ती तर तेव्हा शाळकरी वयाचीच दिसायची. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता तेही शेजारी जाऊन बसत. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेले, सत्ताविसाव्या वर्षी. रमाबाई सती गेल्या. हा इतिहास आहे, कादंबरीने घडवलेला नाही. पण तो प्रसंग इतका सुंदर झाला आहे, इतका शांत आणि इतका प्रेमाने भरलेला, की वाचताना धूर डोळ्यांत जातच नाही.

आणि त्याच वर्षी ४ सप्टेंबरला राजस्थानात देवराला गावी रूपकंवर नावाची अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या चितेवर जळाली. वर्तमानपत्रं त्याने भरली होती. मी नववीच्या वर्गात राममोहन रॉय आणि १८२९ चा कायदा शिकवत होते. एक हुशार मुलगी उभी राहिली. "पण बाई, रमाबाईंचं प्रेम होतं ना? मग ते वाईट कसं?"

वर्गातल्या निम्म्या मुली तिच्या बाजूच्या होत्या, चेहऱ्यावर दिसत होतं. कायदा सांगून तिथे भागणार नव्हतं. मग मी त्यांना आमच्या चिमाजी अप्पांच्या घरात नेलं, तारापूरच्या मुलींना तेवढा हक्क आहेच. अप्पा १७ डिसेंबर १७४० रोजी वारले. त्यांची दुसरी पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेली. पहिल्या पत्नीचा मुलगा सदाशिवराव तेव्हा दहा वर्षांचा. हेच पुढे पानिपतावर गेलेले भाऊसाहेब. त्यांची बायको पार्वतीबाई, म्हणजे नात्याने अन्नपूर्णाबाईची सून, जरी ती घरात आली तेव्हा सासू नव्हती. पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होती. जानेवारी १७६१ मधल्या त्या दिवशी नवरा गर्दीत दिसेनासा झाला, ही कशीबशी परत आली. आणि तिने कुंकू पुसलं नाही! माझा नवरा गेला हे मी मानत नाही, म्हणाली. बावीस वर्षं. मध्ये भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, त्याला १७७६ मध्ये देहदंड झाला, तरी हिचं कुंकू तसंच. १७८३ मध्ये ती वारली तेव्हा तिच्याबरोबर भाऊसाहेबांचंही उत्तरकार्य केलं.

मी मुलींना विचारलं, हिचं प्रेम कमी होतं का गं? ती मुलगी खाली बसली. तिला पटलं असं मी म्हणणार नाही, पण ती विचार करत होती, आणि नववीच्या तासाला यापेक्षा जास्त काय मागायचं?

ना. सं. इनामदारांनी या पार्वतीबाईवर 'शिकस्त' लिहिली. चांगली कादंबरी आहे, जरूर वाचा. पण 'स्वामी' एवढी ती घरोघर गेल्याचं मी काही पाहिलं नाही. वाट बघणाऱ्या बाईपेक्षा जळणारी बाई वाचकाला लवकर रडवते. वाट बघणं लांबतं, त्यात रोजची सकाळ असते.

इनामदारांचीच 'राऊ' (१९७२) मात्र खूप गेली, आणि त्यावरून २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी' सिनेमा निघाला तेव्हा तर विचारू नका. आमच्याकडे त्याची एक वेगळीच गंमत झाली. इकडे चिमाजी अप्पा म्हणजे देवासारखे. पोर्तुगिजांच्या जाचातून त्यांनी हा किनारा सोडवला, लहानपणापासून आपण हेच ऐकतो. आणि मस्तानीच्या गोष्टीत अप्पा कुठे उभे आहेत? बाजीराव मोहिमेवर असताना मस्तानीला पुण्यात कैदेत ठेवलं, त्यात अप्पा आणि नानासाहेब दोघांचा हात. म्हणजे १७३९ च्या जानेवारीत ज्याने तारापूर घेतलं, त्याच माणसाने वर्ष सरता सरता भावाची आवडती बाई भावापासून तोडली. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव रावेरखेडीला गेले आणि मागोमाग मस्तानी. तिचा अंत नेमका कशाने झाला यावर अजून एकमत नाही. डिसेंबरात अप्पाही गेले.

सिनेमा बघून आल्यावर माझे एक दीर चिडून म्हणाले, "आमच्या अप्पांना खलनायक केलंन!" मी म्हटलं, भाऊजी, किल्ला घेणारा हात आणि दार लावणारा हात एकाच माणसाचा असू शकतो. कादंबरी वाचताना आपण नकळत मस्तानीच्या शेजारी जाऊन बसतो, म्हणून आपल्याला दार दिसतं. तारापूरच्या तटावर उभं राहिलं की किल्ला दिसतो. त्यांना हे काही रुचलं नाही. चहा झाला, विषय बदलला.

असो. मला स्वतःला अलीकडे एक खंत वाटते. रमाबाईंना देसाईंनी बोलतं केलं. मस्तानीला आणि पार्वतीबाईला इनामदारांनी. अन्नपूर्णाबाई तशीच राहिली. अप्पांची प्रकृती नाजूक, त्यात तारापूर-वसईच्या मोहिमेची दगदग. घरी सवतीचा लहान मुलगा, मोठ्या दिराच्या घरात मस्तानीवरून पेटलेलं भांडण, आणि ते दार लावणारा आपलाच नवरा. तिने त्याला रात्री काही विचारलं असेल का? त्याने तिला विचारलं असेल, तुला काय वाटतं म्हणून? पुण्यात ओंकारेश्वरापाशी अप्पांची समाधी आहे, तिथे दोनदा जाऊन आले मी. तिच्यावर लिहिलेली कादंबरी अजून माझ्या वाचनात आलेली नाही. तुमच्यापैकी कोणी वाचली असेल तर जरूर कळवा. चष्म्याचा नंबर वाढलाय, तेव्हा मोठ्या टाइपातली आवृत्ती असेल तर फारच उत्तम.