निःशस्त्र विमानें आणि त्यांचे कारागीर

लढाऊ विमानांतील बंदुका काढून तें शत्रूच्या मुलुखावर एकटें पाठवावयाचें, ही कल्पना प्रथमदर्शनीं वेडगळच वाटते. मॉरिस लाँगबॉटम या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्यानें ती १९३९ च्या ऑगस्टमध्यें एका टिपणांत मांडली. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकानें लंडनजवळ हेस्टन येथें ती अंमलांत आणली. स्पिटफायरमधील बंदुका व बिनतारी यंत्र निघालें, पंखांत कॅमेरे बसले.

पुढचें काम कारागिरांचें होतें. पत्र्यांच्या सांध्यांत प्लॅस्टर ऑफ पॅरिस भरून तें घांसावयाचें आणि विमानाचें अंग गुळगुळीत करावयाचें. वेग ताशीं ३९० मैलांच्या वर गेला. ज्याला गोळी झाडतां येत नाहीं त्याला उंची आणि वेग हेंच कवच, आणि तें घडत होतें घांसणाऱ्यांच्या हातांनीं! १८ नोव्हेंबर १९३९ रोजीं लाँगबॉटमनें फ्रान्समधील सेक्लां येथून जर्मन सरहद्दीकडे पहिलें उड्डाण केलें.

तीस हजार फुटांवरील थंडींत कॅमेऱ्याचें भिंग बाष्पानें आंधळें होतें. म्हणून इंजिनाकडील गरम हवा नळीनें तेथवर नेली. ती नळी सैल राहिली, तर वैमानिकानें जिवावर उदार होऊन आणावयाचें तें केवळ धुकें.

२१ मे १९४१ रोजीं स्कॉटलंडमधील विक येथून निघालेल्या मायकेल सकलिंगला नॉर्वेंत बर्गेनजवळ 'बिस्मार्क' ही जर्मन युद्धनौका सांपडली. चित्रें घेऊन तोच लंडनकडे उडाला. पेट्रोल संपत आल्यानें नॉटिंगहॅमजवळ उतरला व उरलेली वाट त्यानें मोटारीनें काटली. सहा दिवसांनीं 'बिस्मार्क' बुडाली. जुलैमध्यें टेहळणीस गेलेला सकलिंग परतला नाहीं. त्याचें नांव ग्रंथांत आहे. विमान सज्ज करणाऱ्यांचीं नांवें तेथें क्वचितच आढळतात.

हिंदुस्थानांत संकट निराळें होतें. १९४३ सालीं कलकत्त्याजवळ दमदम येथें ६८१ व ६८४ या टेहळणी तुकड्या ब्रह्मदेशासाठीं उभ्या राहिल्या. दुसरीकडील मॉस्किटो विमानें लांकडाचीं, सरसानें जोडलेलीं. १९४४ च्या उत्तरार्धांत पूर्वेकडील कांहीं मॉस्किटोंचे सांधे उकलले. दोष दमट हवेचा कीं कारखान्यांतील जोडणीचा, यावर तज्ज्ञांचा वाद झाला. विमानें जमिनीवर रोखून पंखांचे सांधे तपासावे लागले. आणि निर्दोष ठरलेल्यांना पुन्हां निःशस्त्रच जावयाचें होतें.