न जळणाऱ्या पडद्याची गोष्ट

डिसेंबर उजाडला की शाळेत स्नेहसंमेलनाची लगबग सुरू होते आणि मला डबवाली आठवते. हरियाणातील या गावी २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेचा वार्षिक समारंभ चालू असताना मंडपाने पेट घेतला. मंडपाचे कापड कृत्रिम धाग्याचे होते. ते वितळून पेटत्या थेंबांनी खालच्या गर्दीवर कोसळले. चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. मी तेव्हा नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. आमचेही संमेलन तोंडावर आले होते. ती बातमी वाचून शिक्षकांच्या खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "काय हो, कापड पेटणारच नाही असे काही करता येत नाही का?"

मी इतिहासाचा माणूस, रसायनशास्त्राचा नव्हे. पण तो प्रश्न मनात राहिला. सवडीने वाचत गेलो तेव्हा कळले की या प्रश्नाचे उत्तर अडीचशे वर्षांपूर्वीच दिले गेले होते, आणि तेही आपल्या ओळखीच्या पदार्थांनी! तुरटी, टाकणखार, नवसागर, हिराकस. न्हाव्याच्या पेटीतली तुरटी, सोनाराचा टाकणखार (आमच्याकडच्या कन्नड घरांतून त्यालाच बिळिगार म्हणतात), कल्हईवाल्याचा नवसागर आणि जुन्या शाईतला हिराकस. यातले काहीच प्रयोगशाळेत मागायला जावे लागत नाही. मग इतकी वर्षे माणसे जळत का राहिली, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे.

आरंभ नाटकगृहातून होतो. रंगवलेले पडदे, कागद, लाकूड आणि त्यांच्या मधोमध उघडे दिवे, असा तो कारभार. निकोलो साब्बातीनी या इटालियन वास्तुविशारदाने १६३८ मध्ये रंगमंचाच्या यंत्रसामग्रीवर ग्रंथ लिहिला. पडद्याच्या रंगात चिकणमाती आणि जिप्सम मिसळावे, म्हणजे कापड चटकन पेटणार नाही, असे त्याने सुचवले. हा उपाय म्हणजे कुडाच्या भिंतीला गिलावा करावा तसा. खरी रासायनिक युक्ती १७३५ सालची. ओबाडाया वाइल्ड या इंग्रज गृहस्थाने तुरटी, टाकणखार आणि हिराकस यांच्या मिश्रणाने कागद व कापड ज्वाला धरणार नाहीत असे करण्याचे पेटंट घेतले. त्याचा क्रमांक ५५१. इंग्रज अजून आपल्याकडे वखारीच राखून होते, पेशवाई थोरल्या बाजीरावांची होती, तेव्हाची ही गोष्ट.

१७८३ मध्ये फ्रान्समधील मोंगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा फुगा आकाशात सोडला. हे घराणे कागद करणाऱ्यांचे. त्यांचा फुगाही कापड आणि कागद यांचाच, आणि त्याच्या तोंडाशी धगधगता जाळ! व्हर्सायला राजासमोर मेंढी, बदक आणि कोंबडा घेऊन जो फुगा उडाला, त्याच्या कापडाला तुरटीयुक्त रोगण दिले होते. आकाशात जाणाऱ्या पहिल्या प्राण्यांच्या प्राणरक्षणात आपल्या तुरटीचाही वाटा होता, म्हणायचा.

यानंतर या विषयात एक मोठा शास्त्रज्ञ शिरला, गे-ल्युसाक. वायूंच्या नियमांमुळे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे नाव पाठ असते. हा स्वतः १८०४ मध्ये हायड्रोजनच्या फुग्यातून सात हजार मीटरांवर जाऊन आलेला. अठराव्या लुईने त्याच्याकडे पॅरिसच्या नाटकगृहांतील कापड आगीपासून वाचवण्याचे काम सोपवले. १८२१ मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. नवसागर, अमोनियम फॉस्फेट आणि टाकणखार यांची मिश्रणे तागाच्या व लिननच्या कापडावर उत्तम चालतात, असे त्याने दाखवले. नुसते 'चालते' यावर तो थांबला नाही. क्षार कसे निवडावेत तेही त्याने सांगितले. काही क्षार तापताच वितळून धाग्यावर काचेसारखा थर धरतात, त्यामुळे हवा आत पोचत नाही. टाकणखार असा. काही तापून न जळणारे वायू सोडतात व ज्वाळेचा जोर मोडतात. नवसागर असा.

तिसरी करामत पुढे उलगडली. सुती कापड, लिनन, कागद हे सारे मुळात एकच, सेल्युलोज. ते तापले की त्यातून जळाऊ वायू निघतात आणि ज्वाळा होते ती त्या वायूंची. फॉस्फेट तापून त्यातून फॉस्फोरिक आम्ल सुटले की ते सेल्युलोजमधून पाणी काढून घेते आणि मागे कोळसा ठेवते. वायू कमी, कोळसा जास्त. कापड काळे पडते, भोक पडते, पण ज्वाळा पुढे सरकत नाही. न पेटणारे कापड म्हणजे न जळणारे कापड नव्हे, ही बाब नीट ध्यानात घेतली पाहिजे. शीर्षकात मी सोयीचा शब्द वापरला आहे, एवढेच.

म्हणजे १८२१ साली विद्या पूर्ण होती. मग अडले कुठे? अडले ते पाण्यात. हे क्षार जितके सहज पाण्यात विरघळतात तितकेच सहज धुऊन जातात. एक धुलाई, की संरक्षण संपले. शिवाय कापड ताठ होते, रंग मळकट दिसतो, काही क्षारांवर इस्त्री फिरवली की डाग पडतात. ही कारणे क्षुल्लक वाटतील, पण त्यांनी जीव घेतले आहेत.

पॅरिसच्या ऑपेरात एमा लिव्री ही तरुण नर्तकी होती. मारी ताल्योनीसारख्या श्रेष्ठ नर्तकीने तिच्यासाठी 'फुलपाखरू' नावाचा बॅले बसवला. तो १८६० मध्ये रंगमंचावर आला. त्यात मशालीच्या ज्योतीने फुलपाखराचे पंख होरपळतात असा प्रसंग होता. नर्तकींचे झगे तलम जाळीचे, थरावर थर दिलेले, आणि रंगमंचावर गॅसच्या उघड्या ज्योती. आधी अपघात घडलेले होतेच. म्हणून १८५९ मध्ये सरकारी फर्मान निघाले की नाटकगृहातील कापड कार्तेरों नावाच्या गृहस्थाच्या प्रक्रियेने अग्निरोधक करून घ्यावे. त्यातही मुख्यतः तुरटी आणि टाकणखार. पण झगे ताठ झाले, शुभ्रता गेली. नर्तकींनी कुरकुर केली. लिव्रीने तर मी माझ्या नेहमीच्या झग्यातच नाचेन, जबाबदारी माझी, असे व्यवस्थापनाला लिहून दिले. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीच्या वेळी तिचा झगा गॅसच्या ज्योतीला लागला. आठ महिने यातना भोगून २६ जुलै १८६३ रोजी ती गेली. वय अवघे वीस. त्या झग्याचे उरलेले तुकडे ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

तिला हट्टी म्हणणे सोपे आहे. मी तसे म्हणणार नाही. जिचे सारे आयुष्य हवेत तरंगल्यासारखे दिसण्यावर उभे, तिला खळ दिलेल्या पोत्यासारखा झगा नेसवला तर ती नाकारणारच. त्या शास्त्रात उणीव होती, ती नर्तकीने दाखवून दिली, इतकेच.

समुद्रापलीकडे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातही फुगीर झग्यांनी स्त्रिया जळत होत्या. १८५९ मध्ये फर्स्मान आणि ओपनहाइम या रसायनज्ञांनी चाळीसेक क्षार तपासले आणि प्रयोग थेट राणीच्या धोबीखान्यात केले. त्यांनी सोडियम टंगस्टेट निवडले, कारण त्यावर इस्त्री चालत असे. धुतल्यावर तेही जाईच, पण खळीबरोबर दर वेळी देता येई. धोब्याच्या हाताने रसायनशास्त्र चालवावे, ही कल्पना मला फार आवडली.

धुलाईत टिकणारा उपाय विल्यम हेन्री पर्किन (धाकटा) याने शोधला. जांभळ्या कृत्रिम रंगाचा शोध १८५६ मध्ये लावणाऱ्या पर्किनचा हा मुलगा. इंग्लंडमधील गरीब घरांत फ्लॅनलेट नावाचे लवदार सुती कापड वापरीत. दिसायला लोकरीसारखे, किमतीला स्वस्त. पण ती लव ठिणगी लागताच भुरकन पेटे आणि झोपायच्या कपड्यांतली मुले भाजत. पर्किनने कापड आधी सोडियम स्टॅनेटमध्ये व मग अमोनियम सल्फेटमध्ये बुडवून कथलाचे संयुग थेट धाग्याच्या आत बसवले. पुन्हा आपला कल्हईवाला! नवसागर एका शतकाने, कथील दुसऱ्या. १९१३ पर्यंत हे कापड बाजारात आले होते, आणि कापड अग्निरोधक नसताना तसे सांगून विकू नये असा कायदाही ब्रिटनमध्ये त्याच वर्षी झाला. पण प्रक्रियेमुळे कापड महाग पडे, आणि फ्लॅनलेट घेणारे ते स्वस्त म्हणूनच घेत होते.

आता तंबूकडे वळतो. ६ जुलै १९४४ रोजी अमेरिकेत हार्टफर्ड येथे सर्कशीचा प्रचंड तंबू काही मिनिटांत जळून सुमारे १६७ प्रेक्षक गेले. त्या तंबूवर पाऊस आत येऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये विरघळवलेले मेण चढवले होते. अग्निरोधक लेप तेव्हा अस्तित्वात होता, क्लोरिनयुक्त पॅराफिन आणि अँटिमनी ऑक्साइड यांचा, पण महायुद्धामुळे तो आधी सैन्याच्या तंबूंना मिळे. पाण्यापासून जपताना कापड आगीच्या हवाली केले गेले. आणि ७ फेब्रुवारी १९८१ रोजी आमच्याच राज्याच्या राजधानीत, बेंगळुरूत, व्हीनस सर्कशीचा तंबू पेटून नव्वदांहून अधिक लोक गेले, बहुतेक मुलेच. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. त्यानंतर गावात सर्कस आली की आई आम्हाला दाराजवळच बसवी.

उपायच अपाय झाला, अशीही एक कथा या इतिहासात आहे. १९५३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी प्रयोगशाळेत रीव्ह्ज आणि गथ्री यांनी फॉस्फरस सुती धाग्यात कायमचा बांधण्याची रीत काढली. पुढे १९७३ पासून अमेरिकेत मुलांचे रात्रीचे कपडे अग्निरोधक असणे सक्तीचे झाले. पॉलिएस्टरसाठी 'ट्रिस' नावाचे ब्रोमिनयुक्त रसायन सर्रास वापरले गेले. जानेवारी १९७७ मध्ये आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी ते पेशींतील गुणसूत्रद्रव्यात बिघाड करते असे दाखवले. एप्रिलमध्ये बंदी आली. ते कपडे घालणाऱ्या मुलाच्या लघवीतही त्याचे अंश सापडले. बंदीचा माल मग परदेशी जाऊ लागला आणि १९७८ मध्ये तीही वाट बंद करावी लागली. आगीपासून वाचवायला निघालेल्या आईबापांनी ते विष पैसे देऊन घेतले होते.

भारतीय मानक ८७५८ हे मंडपांच्या अग्निसुरक्षेविषयी आहे. कृत्रिम कापड टाळावे असे ते सांगते आणि सुती कापडासाठी द्रावणही देते: अमोनियम सल्फेट ४ भाग, अमोनियम कार्बोनेट २, टाकणखार १, बोरिक आम्ल १, तुरटी २, पाणी ३५ भाग. वाचताना मला हसू आले. वाइल्ड आणि गे-ल्युसाक दोघे एकाच घंगाळात!

मुख्याध्यापक झाल्यावर पहिल्याच वर्षी मी आमचा तांबडा पडदा या द्रावणात बुडवायचे ठरवले. विज्ञानाच्या शिक्षकांनी सामान जमवले. बोरिक आम्ल म्हणजे कॅरमची पावडर, हे मुलांना सांगताच सगळी गोळा झाली. मागच्या अंगणात पडद्याच्याच जुन्या कापडाच्या दोन पट्ट्या टांगल्या. कोरी पट्टी बघता बघता संपली. बुडवून वाळवलेली काडी लावली तेवढीच काळी झाली आणि काडी हलवताच विझली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आमचे जुने शिपाईमामा मात्र पडदा हातात घेऊन म्हणाले, "सर, याची घडी नीट बसत नाही हो आता." लिव्रीची तक्रार!

गेल्या जूनमध्ये सभागृहाचे छप्पर गळले आणि पडदा एका बाजूने चिंब भिजला. तेवढा भाग पुन्हा कोरा झाला असे धरून चालायचे. नाताळच्या आत घंगाळ पुन्हा काढायचे आहे.