वायनाडच्या सोन्याची कसोटी

सोने पारखण्यात ज्याच्या पिढ्या गेल्या, त्या आपल्या समाजास वायनाडच्या ओस खाणींचा इतिहास ठाऊक असावा, असे आम्हांस वाटते. निलगिरी जिल्ह्यातील देवाला व पंडालूर या गावांभोवती पट्टिताश्मात गारगोटीच्या शिरा आहेत. त्यांत सोने, व त्या सोन्यातच निसर्गतः मिसळलेली थोडी चांदी. वरचा खडक झिजून जाई, जड सोने मागे साचे. म्हणून तेथील आदिवासी पूर्वापार माती धुऊन कण वेचीत.

१८७९ मध्ये सरकारने ऑस्ट्रेलियातील खाणींचे जाणकार ब्रो स्मिथ यांस पाचारण केले. त्यांचा अनुकूल अहवाल निघताच लंडनच्या बाजारात कंपन्यांचे पेव फुटले. भांडवल जमले, यंत्रे घाट चढली. परंतु दगड कुटला तेव्हा निघालेले सोने खर्चासही पुरेना. थोड्याच वर्षांत खाणी ओस पडल्या. १८८० सालीच कोलार येथे उतरलेली कंपनीही बुडण्याच्या बेतात होती. तिला मात्र सकस शीर लाभली व तेथील काम २००१ पर्यंत चालले.

भरवसा दोहींकडे सारखाच होता. खडक निराळा होता. आपल्या वाडवडिलांनी कस लावल्यावाचून कधी भाव सांगितला नाही. अनोळखी कंपनीचे भाग घेताना समाजबांधवांनी हीच रीत पाळावी, एवढीच आमची विनंती.