पी१६६+ म्हणजे नक्की किती?

संशोधनाचा आराखडा मांडताना समितीतलं कुणीतरी हा प्रश्न विचारणारच: "हा जो आकडा तुम्ही घेतलाय, तो नेमकं काय मोजतो?" बहुतेक जण इथे अडखळतात. आकडा कुठून आणला ते पाठ असतं, पण तो कुणी, कशासाठी काढला होता हे विचारलेलंच नसतं. म्हणून आज माझ्या अभ्यासातलं एक उदाहरण देते. वरवर पाहता ते संशोधनाचं वाटणार नाही. १९९६ साली गेम खेळायला कम्प्युटर जुळवू पाहणारा माणूस, आणि त्याने कुठला प्रोसेसर घ्यावा हा प्रश्न.

थोडं मागे जाऊ. १९९१ पर्यंत प्रोसेसरची ओळख म्हणजे नुसते आकडे होते: २८६, ३८६, ४८६. '३८६' हे आमचं व्यापारचिन्ह आहे असा इंटेलचा दावा होता. अमेरिकेतल्या न्यायालयाने तो मानला नाही, आणि एएमडीला तोच आकडा वापरायची मोकळीक मिळाली. त्यामुळे १९९३ मध्ये बाजारात आलेल्या पुढच्या प्रोसेसरला इंटेलने '५८६' न म्हणता 'पेंटियम' हे नाव दिलं. नावाला कुंपण घालता येतं, आकड्याला नाही. पण नाव वेगळं झालं तरी गिऱ्हाईक आकडाच विचारत राहिलं: "किती मेगाहर्ट्झचा आहे?"

इथेच सायरिक्सची पंचाईत झाली. टेक्सासमधल्या रिचर्डसनची ही कंपनी. तिचा ६x८६ हा प्रोसेसर एका ठोक्यात पेंटियमपेक्षा जास्त काम उरकायचा, त्यामुळे कमी मेगाहर्ट्झवरही तो बरोबरी करायचा. पण दुकानात १३३ चा आकडा १६६ शेजारी ठेवला की १३३ हरलाच म्हणायचा. मग १९९६ च्या सुरुवातीला सायरिक्स, एएमडी, आयबीएम आणि एसजीएस-थॉमसन यांनी मिळून 'पी-रेटिंग' काढलं. तुमचा प्रोसेसर किती मेगाहर्ट्झच्या पेंटियमच्या तोडीचा आहे, ते चाचणी घेऊन ठरवायचं आणि तोच आकडा वर छापायचा. त्यामुळे १३३ मेगाहर्ट्झवर चालणारा ६x८६ दुकानात 'पी१६६+' म्हणून आला.

आता बघा, चाचणी कुठली होती? विनस्टोन ९६. त्यात वर्ड प्रोसेसर, स्प्रेडशीट, डेटाबेस अशी ऑफिसातली खरीखुरी सॉफ्टवेअर चालवून वेळ मोजायचे. म्हणजे पी१६६+ हा आकडा एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर होता: ऑफिसचं काम किती झपाट्याने होईल? आणि त्या प्रश्नाला तो खरं उत्तर देत होता. ऑफिसच्या कामात ६x८६ खरोखरच पेंटियम १६६ ला टक्कर द्यायचा.

जून १९९६ मध्ये 'क्वेक' आला. आयडी सॉफ्टवेअर ही कंपनी मेस्किटची, म्हणजे सायरिक्ससारखीच डॅलसच्या उपनगरातली. क्वेकमध्ये सगळं जग त्रिमितीय होतं. दूर पळत जाणाऱ्या भिंतीवरची नक्षी नीट दिसायची तर अंतराप्रमाणे भागाकार करावे लागतात, आणि प्रत्येक ठिपक्यासाठी भागाकार करत बसलं तर खेळ रांगेल. जॉन कार्मॅक आणि मायकेल अब्राश यांनी तोड काढली ती अशी: दर सोळा ठिपक्यांना एकच भागाकार करायचा, मधले ठिपके साध्या बेरजेने भरायचे. आणि पेंटियमचा दशांशाचं गणित करणारा भाग, ज्याला एफपीयू म्हणतात, तो भागाकार करत असतानाच पूर्णांकांचा भाग आधीचे सोळा ठिपके रंगवून टाकतो. एक पोळी तव्यावर असताना दुसरी लाटून घ्यावी, तसं. पेंटियमच्या एफपीयूची रचनाही अशी होती की एक बेरीज-गुणाकार पुरा व्हायच्या आत पुढचा सुरू करता येई. ६x८६ च्या एफपीयूला ते जमत नव्हतं, एक पुरं झाल्यावरच दुसरं. परिणाम असा की क्वेकमध्ये पी१६६+ ला साधा पेंटियम १३३ सुद्धा मागे टाकायचा.

(सायरिक्सची सुरुवात कशाने झाली होती माहितीये? १९८८ मध्ये स्थापना झाल्यावर त्यांचं पहिलं उत्पादन होतं ३८६ शेजारी बसवायचा गणिती कोप्रोसेसर. आणि तो इंटेलच्या कोप्रोसेसरपेक्षा वेगवान होता.)

या प्रकरणावर लिहिणारे पुष्कळ जण दोनपैकी एका वाटेने जातात. एक, सायरिक्सने लोकांना फसवलं. दोन, घेणारे बावळट होते. मला दोन्ही पटत नाही. फेब्रुवारी १९९६ मधला गेमर डोळ्यांसमोर आणा. तोवर त्याचा सगळ्यात आवडता खेळ बहुधा 'डूम', १९९३ चा. डूम जवळजवळ सगळं गणित पूर्णांकांत करायचा, कारण तेव्हाच्या कितीतरी कम्प्युटरांत एफपीयू नव्हताच. तेव्हा "गेमला एफपीयू लागत नाही, तो इंजिनीअर लोकांसाठी" हे त्या माणसाचं मत अज्ञान नव्हतं, अनुभवातून आलेलं होतं. क्वेक यायच्या चार महिने आधीच्या निवडीला क्वेकचे मार्क लावणं हा इतिहासलेखनातला दोष आहे, गेमरचा नाही. हाच माणूस ऑक्टोबरात तोच प्रोसेसर घेत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. म्हणून साधनं वाचताना तारखेतला महिनासुद्धा सोडू नका. '१९९६ चं परीक्षण' एवढीच नोंद केलीत तर जूनच्या अलीकडचं आणि पलीकडचं एकाच पिशवीत पडेल, आणि मग विश्लेषण कितीही घासलंत तरी चमकणार नाही.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने एकाच दिवशी दोन प्रोसेसर आणले. पेंटियम टू ४५० चा हजार नगांच्या खरेदीतला भाव ६६९ डॉलर, सेलेरॉन ३००ए चा १४९. सेलेरॉनची पटीची संख्या ४.५ वर कुलूपबंद होती. मदरबोर्डच्या ६६ मेगाहर्ट्झच्या ठोक्याला साडेचारने गुणलं की ३००. पण ४४०बीएक्स चिपसेटचे मदरबोर्ड १०० चा ठोका देऊ शकायचे, आणि १०० गुणिले साडेचार म्हणजे थेट ४५०. काही बोर्डांवर हे सेटिंगमधूनच जमायचं. काहींवर प्रोसेसरच्या कडेचा बी२१ नावाचा एकच संपर्कबिंदू चिकटपट्टीने झाकला की बोर्ड स्वतःच १०० वर जायचा. सेलेरॉनची कॅश छोटी, १२८ केबी, पण पूर्ण वेगाने चालणारी. पेंटियम टूची ५१२ केबी, पण अर्ध्या वेगाने. त्यामुळे खेळांमध्ये दोघांत फारसा फरक उरत नव्हता.

म्हणजे ३०० हा आकडा त्या सिलिकॉनची ताकद सांगत नव्हता. तो सांगत होता की इंटेलला हा तुकडा कुठल्या गिऱ्हाइकाला, कुठल्या भावाला विकायचा आहे. पी१६६+ चाचणीतून आला होता, ३०० बाजारातून. दोन्ही आकडे छापील, दोन्ही सारखेच अधिकृत दिसणारे. अशा वेळी आकड्याच्या पोटात शिरल्याशिवाय इलाज नाही. आणि सावधही राहा: "सगळ्यांचे ३००ए ४५० वर चालायचे" ही आजची आठवण आहे. ज्यांचा चालला त्यांनी हौसेने लिहून ठेवलं. ज्यांचा नाही चालला ते गप्प ३०० वर खेळत राहिले, आणि गप्प बसलेल्यांचं दप्तर नसतं.

मग खेळणाऱ्यांनी स्वतःचं माप कुठलं धरलं? तेही क्वेकमधूनच आलं. खेळाच्या आतच 'टाइमडेमो' अशी आज्ञा होती. आधी नोंदवलेला खेळ जमेल तितक्या वेगाने दाखवायचा, एकही चित्र न गाळता, आणि शेवटी सेकंदाला सरासरी किती चित्रं काढली ते सांगायचं. कंपनीचा आकडा नको, आमच्या खेळावर किती ते सांगा. त्या काळात उभ्या राहिलेल्या टॉम्स हार्डवेअर, आनंदटेक यांसारख्या जागांवर हेच तक्ते छापले जाऊ लागले, आणि सुटे भाग निवडण्याची भाषाच बदलली. आज लॅमिंग्टन रोडवर कोटेशन मागणारा मुलगासुद्धा "यावर किती एफपीएस मिळेल?" असंच विचारतो.

पण हे मापही कुणाच्या तरी सोयीचं होतंच. सरासरी. समजा एका सेकंदात ६० चित्रं निघाली. त्यातली ५९ प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आणि एकच ४१० मिलिसेकंदांत. सरासरी येते साठ, अगदी झकास. खेळणाऱ्याला मात्र जवळजवळ अर्धा सेकंद पडदा गोठलेला दिसतो, आणि तेवढ्यात तो मेलेला असतो. २०११ मध्ये टेक रिपोर्टच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक चित्राला लागलेला वेळ वेगवेगळा मांडायला सुरुवात केली, आणि सरासरीत उजवी ठरलेली काही कार्डं प्रत्यक्षात अडखळतात हे कागदावर दिसू लागलं. क्वेकपासून तिथवर पंधरा वर्षं गेली. खेळणारे त्याआधीही "काहीतरी अडकतंय" म्हणत होतेच. तक्त्यात त्या तक्रारीला रकाना नव्हता, म्हणून ती 'भास' म्हणून उडवली जायची.

माझ्या प्रबंधाचं सध्याचं प्रकरण याच पंधरा वर्षांवर आहे. त्यासाठी मी तक्ते कमी आणि वाचकांच्या तक्रारी जास्त वाचते आहे. पुढच्या लेखात त्या तक्रारींची वर्गवारी कशी केली, आणि 'अडकतं', 'झटके देतं', 'जड वाटतं' हे शब्द एकाच खात्यात का घातले नाहीत, ते सांगेन.